विंचवाचं बिऱ्हाड आणि बावीस फूट

संपादक मंडळातल्या मैत्रिणीने फर्मान काढलं, "तू सुट्टीत अमेरिकेला जाऊन आलीस ना? मग मराठी विभागाला प्रवासवर्णन दे." मी म्हटलं, बाई गं, पहिली ते दहावी मी सिस्टरांच्या शाळेत काढली. तिथे मधल्या सुट्टीत मराठीतून बोललं की पाच रुपये दंड असायचा. माझं मराठी म्हणजे आईच्या स्वयंपाकघरातलं आणि आपल्या हॉस्टेलच्या गॅलरीतलं. ती म्हणाली, "चालेल, ऱ्हस्व-दीर्घ मी बघते." तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तिचे, बाकी सगळं माझं.

पण मित्रांनो, गोल्डन गेट ब्रिजवर मी लिहिणार नाही. तो ज्याला त्याला मोबाईलवर दिसतो. मी लिहिणार आहे पार्किंगवर. हसू नका! २०२५ च्या जून-जुलैत मी कॅलिफोर्नियात मावशीकडे होते, आणि त्या दोन महिन्यांत ज्या विषयावरून जेवणाची ताटं गार झाली तो विषय ना राजकारणाचा होता, ना व्हिसाचा. तो पार्किंगचा होता.

पार्किंगवरून भांडण आपल्याला काही नवीन नाही. आपल्या शेडमध्ये एक बुलेट आडवी लागली की दोन स्कूटी बाहेर उन्हात, आणि मग सीटवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांमधून जे साहित्य निर्माण होतं ते या मासिकात छापण्यासारखं नसतं. पण आपलं भांडण सरळ आहे. जागा कमी, गाड्या जास्त. माउंटन व्ह्यूला पोचले तेव्हा मला वाटलं, इथे हा प्रश्नच नसणार. रुंद रस्ते, प्रत्येक घरापुढे दोन गाड्यांचा ड्राइव्ह-वे, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. आणि तरीही भांडण. तेही साधंसुधं नाही, कोर्टापर्यंत आणि मतपेटीपर्यंत गेलेलं!

भांडण आहे आर.व्ही.वरून. रिक्रिएशनल व्हेइकल, म्हणजे मौजेसाठी फिरायची घरगाडी. काका तिला 'बिऱ्हाड' म्हणतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, त्यातलं बिऱ्हाड. काकांचं बिऱ्हाड २४ फुटांचं, क्लास सी प्रकारातलं. म्हणजे पुढे फोर्डच्या व्हॅनचं तोंड आणि मागे, थोडी ड्रायव्हरच्या डोक्यावरसुद्धा, बसवलेली एक खोली. क्लास ए म्हणजे अख्खी बसच, आणि क्लास बी म्हणजे आतून सजवलेली व्हॅन (नावांचा क्रम कुणी लावलाय देव जाणे). आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास-बाथरूम सगळं. खाली तीन टाक्या. एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या पाण्याची, तिला 'ग्रे' म्हणतात, आणि एक संडासची, ती 'ब्लॅक'. शेवटच्या दोन टाक्या ठरलेल्या जागी नेऊनच रिकाम्या करायच्या असतात. हे टाक्यांचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

अमेरिकेत या गाड्यांची मोठी इंडस्ट्री आहे. बहुतेक गाड्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट नावाच्या गावाच्या आसपास बनतात. कोविडमध्ये विमानं आणि हॉटेलं बंद झाली तेव्हा लोकांनी या गाड्यांवर उड्या टाकल्या. २०२१ या एका वर्षात कारखान्यांमधून सहा लाखांवर गाड्या बाहेर पडल्या, हा विक्रम होता. आमच्या काकांनीही त्याच वर्षी एक सेकंडहँड उचलली. मावशी सांगते, पहिल्या ट्रिपला त्यांनी योसेमिटीच्या जंगलात कांदेपोहे केले आणि शेजारच्या तंबूतले लोक वास घेत आले.

आता हे बिऱ्हाड ठेवायचं कुठे? इथून खरी गोष्ट सुरू होते.

मावशीचं घर एका एच.ओ.ए.मध्ये आहे. होमओनर्स असोसिएशन, म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच, पण बंगल्यांचं. सात कोटींहून जास्त अमेरिकन माणसं अशा असोसिएशनांमध्ये राहतात. घर घेताना खरेदीखतासोबत नियमांची एक जाडजूड चोपडी येते, आणि ती पाळणं कायद्याने बंधनकारक असतं. गवत किती वाढू द्यायचं, दरवाजाला कुठला रंग द्यायचा, कचऱ्याचा डबा किती वाजता बाहेर काढायचा... आणि जवळजवळ प्रत्येक चोपडीत एक कलम असतं, की आर.व्ही., बोट, ट्रेलर रस्त्यावरून दिसेल असं उभं करायचं नाही. मावशीच्या चोपडीत ४८ तासांची सवलत होती. (एक गोष्ट मला मावसभावाने सांगितली, तो इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी वाचत होता. अशाच खरेदीखतांतल्या अटींमध्ये पूर्वी 'काळ्या माणसाला किंवा आशियाईला हे घर विकायचं नाही' असंही लिहिलेलं असायचं. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असल्या अटी कोर्टातून अंमलात आणता येणार नाहीत. आर.व्ही.चं कलम आणि ते कलम एकच आहे असं माझं म्हणणं नाही. पण कागद एकाच जातीचा आहे, एवढं लक्षात राहिलं.)

म्हणून काका गाडी गिलरॉयच्या बाजूला एका स्टोरेज यार्डात ठेवतात. महिन्याला २५० डॉलर भाडं, आणि घरापासून गाडीने तासभर. जुलैमध्ये आमची ट्रिप ठरली म्हणून त्यांनी ती घरी आणली, आणि नेमका पाण्याचा पंप गळायला लागला. पार्ट यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस बिऱ्हाड ड्राइव्ह-वेवर. ड्राइव्ह-वे २० फूट, गाडी २४ फूट. काका म्हणाले तिरकी लावू, कर्ण लांब असतो. पायथागोरसचं बरोबरच आहे हो, पण गाडीला रुंदीही असते! एवढी खटपट करूनही मागचा बंपर फुटपाथवर आलाच. पाचव्या दिवशी पत्र आलं. त्यात गाडीचे चार फोटो, कलमाचा नंबर, आणि सुनावणीची तारीख. दंड करण्याआधी किमान दहा दिवसांची नोटीस देऊन ऐकून घ्यायचं, असा तिथला कायदा आहे. काका भडकले. "माझं घर, माझा ड्राइव्ह-वे, माझी गाडी, आणि फोटो काढणारे हे कोण?"

मी भाबडेपणाने विचारलं, "काका, मग रस्त्यावर लावा ना. सगळा रिकामाच तर आहे."

मावशी एकदम हसली. काका नाही हसले.

रस्त्यावर लावता येत नव्हती, कारण माउंटन व्ह्यू शहराचाच नियम आहे. ४० फूट किंवा त्याहून कमी रुंदीच्या रस्त्यावर मोठी गाडी उभी करायची नाही. मोठी म्हणजे २२ फुटांपेक्षा लांब, किंवा ७ फुटांपेक्षा रुंद, किंवा ७ फुटांपेक्षा उंच. सामान चढवण्या-उतरवण्यापुरतं थांबलं तर चालतं. आणि शहरातले बहुतेक सगळे रस्ते या ४० फुटांच्या आतलेच आहेत. हा नियम नगरपालिकेने २०१९ मध्ये केला, लोकांनी सह्या गोळा करून त्याला आव्हान दिलं, म्हणून तो नोव्हेंबर २०२० मध्ये मतदानाला टाकला गेला. 'मेझर सी' त्याचं नाव. तो पास झाला. आणि काकांनी त्याला 'यस' असं मत दिलं होतं!

तेव्हा त्यांच्याकडे बिऱ्हाड नव्हतं. पण हसण्याचं कारण तेवढंच नाही. तो नियम सुट्टीच्या गाड्यांसाठी केलेलाच नव्हता. तो केला होता त्या गाड्यांमध्ये राहणाऱ्या माणसांसाठी.

माउंटन व्ह्यू म्हणजे गुगलचं गाव. तिथे एका बेडरूमच्या भाड्याच्या घराला महिन्याला अडीच-तीन हजार डॉलर सहज पडतात. हॉटेलात भांडी घासणारा, घरं रंगवणारा, ऑफिसं झाडणारी बाई, यांनी राहायचं कुठे? तर जुन्यापान्या आर.व्ही.मध्ये, रस्त्याच्या कडेला. रेंगस्टॉर्फ पार्कजवळच्या क्रिसान्टो अव्हेन्यूवर रेल्वेच्या रुळांना लागून अशा गाड्यांची रांगच असायची. शेजारच्या पालो आल्टोत एल कमिनो रियलवर, साक्षात स्टॅनफर्डच्या आवाराला लागून, तशीच रांग. नियमाविरुद्ध २०२१ मध्ये तिथल्या नागरी हक्कवाल्या वकिलांनी केस टाकली, आणि २०२२ मध्ये तडजोड झाली. शहराने मोठ्या गाड्यांसाठी किमान तीन वर्षं किमान तीन मैल रस्ता मोकळा ठेवायचा.

मी सिव्हिलची विद्यार्थिनी. म्हटलं, हे ४० फूट आले कुठून ते तरी बघू. मावसभावाला घेतलं (वय १५, मला 'ठाई' म्हणतो), काकांची टेप घेतली आणि भर दुपारी मावशीपुढचा रस्ता मोजला. एका कर्बपासून दुसऱ्यापर्यंत ३६ फूट. आर.व्ही. जास्तीत जास्त साडेआठ फूट रुंद असू शकते. दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक उभी राहिली तर १७ फूट गेले, उरले १९. फायर ब्रिगेडच्या गाडीला तिथल्या कोडप्रमाणे किमान २० फूट मोकळे लागतात. म्हणजे एक फूट कमी! ४० फुटी रस्त्यावर हाच हिशोब केला तर २३ उरतात, गाडी आरामात जाते. खरं सांगायचं तर मी वेगळ्या उत्तराची वाट बघत होते. मला वाटलं होतं सुरक्षिततेचं कारण निव्वळ बहाणा असेल. तसं नाही. आकडे काकांच्या बाजूने आले आणि काकांनी ते टेबलावर तीनदा वाचून दाखवले.

पण मग उंची कशाला मोजायची? ७ फुटांपेक्षा उंच गाडीने फायर ब्रिगेडची वाट अडत नाही. कोपऱ्यावर उभी असेल तर वळणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही, हे मान्य. रस्त्याच्या मध्यावर काय? आणि समोरासमोर दोन उभ्या राहू नयेत एवढंच हवं असेल तर एकाच बाजूला पार्किंग ठेवलं तरी भागतं, तो उपाय तर आपल्याकडे सम-विषम तारखांनी गल्लोगल्ली करतात. आमच्या सरांनी शिकवलंय, स्पेसिफिकेशन वाचलं की ते लिहिणाऱ्याला काय नको होतं ते कळतं. २२, ७, ७ या आकड्यांतून अगदी नेमकं काय निसटत नाही? अशी गाडी, जिच्यात माणूस उभा राहू शकतो.

असा आडून नियम का करावा लागतो, त्याचंही कारण सापडलं. लॉस एंजेलिसमध्ये १९८३ पासून सरळ नियम होता, की रस्त्यावरच्या गाडीत राहायचं नाही. २०१४ मध्ये अपील कोर्टाने तो रद्द केला. कारण? 'राहणं' म्हणजे काय ते नियमात धड सांगितलेलंच नव्हतं. गाडीत झोपणं म्हणजे राहणं? जेवणं? पावसात आडोशाला बसणं? मागच्या सीटवर कपड्यांची बॅग असणं? मग सहलीला निघालेलं कुटुंबही गुन्हेगार, आणि पोलिस पकडणार मात्र गरिबालाच. कोर्टाचं हे म्हणणं मला फारच पटलं. तेव्हापासून शहरं माणसाबद्दल काही बोलत नाहीत, फूट मोजतात, असं माझं मत झालंय. आता तर वारं आणखीच बदललंय. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ओरेगनमधल्या ग्रँट्स पास गावाच्या केसमध्ये सांगितलं, की उघड्यावर झोपणाऱ्यांना दंड करणं घटनेत मना केलेल्या क्रूर शिक्षेत बसत नाही. आणि मी तिथे असतानाच, जुलै २०२५ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोने मोठ्या गाड्यांना शहरभर दोन तासांची मर्यादा लावायचं ठरवलं. आधीपासून राहणाऱ्यांना काही काळाचा परवाना, बाकीच्यांनी निघायचं.

हे सगळं मला पुस्तकी वाटत होतं, जोवर मावशीचा ड्रायर बिघडला नव्हता. म्हणून मी आणि मावसभाऊ कपड्यांची पोती घेऊन नाण्यांवर चालणाऱ्या लॉन्ड्रीत गेलो. शेजारच्या मशीनवर एक माणूस होता, चाळिशीचा, हातांना पांढरा रंग लागलेला, सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. मुलगा माझ्या टिकलीकडे बघत होता, मग विचारलंच त्याने. बोलणं सुरू झालं. तो माणूस मोडक्या इंग्रजीत आणि मुलगा दुभाषा. मेक्सिकोतून आलेला, घरं रंगवतो. राहतो २९ फुटी आर.व्ही.त, त्या मोकळ्या ठेवलेल्या रस्त्यांपैकी एकावर. आमच्याकडे पण आर.व्ही. आहे, असं मावसभाऊ सांगून बसला. त्या माणसाचा चेहरा उजळला. कुठली? इंजिन कुठलं? किती साली घेतली? दोघं पंधरा मिनिटं इंजिनांवर बोलले, जसे आपल्याकडे पोरं यामाहावर बोलतात.

मग मी विचारलं, सगळ्यात अवघड काय असतं? मला वाटलं थंडी म्हणेल, किंवा पाणी, किंवा पोलिस. तो म्हणाला, स्टार्टर. गाडी ७२ तासांच्या वर एका जागी ठेवता येत नाही, ठेवली तर शहर ती उचलून नेऊ शकतं. म्हणजे दर तीन दिवसांनी घर सुरू झालंच पाहिजे. ज्या दिवशी इंजिन सुरू होणार नाही त्या दिवशी घर, कपडे, मुलाचं दप्तर, रंगाचे ब्रश, सगळंच टो-ट्रकच्या मागे. सोडवायचं तर टोचे पैसे भरा आणि जितके दिवस जातील तितक्या दिवसांचं यार्डाचं भाडंही भरा. "तुमच्या घराला स्टार्टर नसतो," तो मावसभावाला म्हणाला आणि हसला. रात्री झोपण्याआधी तो एकदा चावी फिरवून बघतो. मुलगा मध्येच म्हणाला, "आणि सकाळी पण." मुलाची शाळा चांगली आहे म्हणून हे गाव सोडत नाही, असंही त्याने सांगितलं. टाक्या रिकाम्या करायला लांब जावं लागतं, पैसे पडतात, शिवाय घर हलवल्यावर परत जागा मिळेल याची खात्री नाही. शहराने राहणाऱ्यांसाठी काही सुरक्षित पार्किंगची मैदानं उघडली आहेत, तिथे संडास आणि इतर सोयी आहेत, पण जागा मोजक्या. हा वाट बघणाऱ्यांत.

रात्री मी हे जेवताना सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अगं, मी काय राक्षस आहे का? मला तो माणूस रस्त्यावर नकोय असं नाही. पण टाकीचं काय? ज्याला परवडत नाही तो ब्लॅक टाकी कुठे सोडतो? पावसाच्या पाण्याच्या गटारात. आणि ते गटार ट्रीटमेंट प्लान्टला जात नाही, थेट खाडीत जातं. तू सिव्हिलची ना?" मुद्दा बरोबर होता. तिथे सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी असते. मी म्हटलं, "मग त्या रस्त्यावर महिन्यातून चारदा मैला उपसणारा टँकर पाठवायचा. नियम करायला आणि कोर्टात भांडायला जेवढे पैसे लागले असतील त्यात किती टँकर आले असते?" काका म्हणाले, "टँकर पाठवला की शंभराच्या दोनशे गाड्या होतील." मी म्हटलं, "म्हणजे प्रश्न टाकीचा नाहीच." काका म्हणाले, "तू वीस वर्षांची आहेस." या वाक्याला उत्तर नसतं, मित्रांनो, तुम्हालाही घरी अनुभव असेल.

तेव्हा मावशी बोलली. ती सहसा अशा वादात पडत नाही. भात वाढता वाढता म्हणाली, "अहो, नायगावला तुमची खोली केवढी होती?"

काका नायगावच्या बी.डी.डी. चाळीत वाढले. तिथली खोली १६० चौरस फुटांची, आणि घरात माणसं सात. काकांचं बिऱ्हाड २४ गुणिले ८, बाहेरून १९२ चौरस फूट. हा गुणाकार मी केला नाही. मावसभावाने केला, मोठ्याने. काकांनी ताट उचललं आणि सिंकमध्ये नेऊन ठेवलं. नंतर बराच वेळ बागेत पाणी घालत होते. तिथे रात्री बागेला पाणी घालायची काही गरज नव्हती.

महिनाअखेरीला सुनावणी झाली. मी हट्टाने गेले. क्लब-हाउसमधली लांब टेबलं, बोर्डाचे पाच सभासद, मध्ये कुकीजची थाळी. सगळे बिनपगारी, सगळे चेहऱ्यावरून सज्जन, आपल्या सोसायटीच्या मीटिंगसारखी आरडाओरड अजिबात नाही. प्रत्येकाला तीन मिनिटं. काकांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पंपाची पावती, पार्ट मागवल्याची तारीख आणि नवीन कायद्याची प्रिंट आणली होती. जूनच्या अखेरीसच कॅलिफोर्नियाने कायदा केला होता, की सुरक्षिततेचा किंवा आरोग्याचा प्रश्न नसेल तर एच.ओ.ए.ला एका नियमभंगाला १०० डॉलरपेक्षा जास्त दंड करता येणार नाही. काका ते वाचताना फार खुशीत होते.

मग तक्रारदार. एका तरुण आईचं म्हणणं होतं की बाबागाडी फुटपाथवरून रस्त्यावर उतरवावी लागली. हे खरंच होतं आणि काकांनी तिची लगेच माफी मागितली. दुसऱ्या बाईंना खिडकीतून झाडाऐवजी पांढरी भिंत दिसत होती. शेवटी एक आजोबा उठले. अतिशय मवाळ माणूस, दिवाळीत मावशीकडे फराळाला येणारा. ते म्हणाले, "मला गाडीचं काही नाही. ती छान आहे. पण रस्त्याने जाणाऱ्याला वाटेल की तिच्यात कुणीतरी राहतंय."

खोलीत कुणीच काही बोललं नाही. सगळ्यांना ते पटलं होतं हे दिसत होतं. फुटपाथ आणि झाड ही लेखी कारणं होती, हे मनातलं होतं.

आणि काका, ज्यांच्याकडे अजून दीड मिनिट शिल्लक होतं, घाईघाईने म्हणाले, "नो, नो! आत कुणीही राहत नाही. आम्ही तसले लोक नाही."

मावसभाऊ हातातल्या कुकीकडे बघत राहिला. मावशी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. मला वाटतं काकांनाही आपलं वाक्य ऐकू आलं, कारण खाली बसताना त्यांनी फोल्डर उलटा धरला होता. बोर्डाने ठरवलं, ४८ तासांत गाडी हलवली तर दंड माफ. टाळ्या नाहीत, काही नाही. कुकीज संपल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गाडी सोडायला निघालो. काका बिऱ्हाड चालवत होते, मी शेजारी, आणि मावशी मागून कार घेऊन. गिलरॉयच्या वाटेवर लसणाचा वास येतो, ते गाव लसणासाठी प्रसिद्ध आहे. बराच वेळ काका काही बोलले नाहीत. मग आपणहून म्हणाले, "आमच्याकडे रात्री चार जण गॅलरीत झोपायचे. जिन्याशेजारची जागा वाऱ्याची, तिच्यावरून मारामाऱ्या. एकदा वरच्या मजल्यावर कुणीतरी गावाहून आलेला भाऊ ठेवून घेतला, तर सगळ्या मजल्याने भांडण काढलं, संडासला रांग वाढते म्हणून. माझे वडील सगळ्यात पुढे."

मी विचारलं, "मग काय झालं?"

"काय होणार? राहिला तो. आठ वर्षं राहिला. मला सायकल त्यानेच शिकवली." थोड्या वेळाने म्हणाले, "पण ते वेगळं."

वेगळं कसं, हे मी विचारलं नाही. पुढे सिग्नल होता आणि काका लेन बदलत होते.

यार्ड मी पहिल्यांदाच बघत होते. काटेरी तारांचं कुंपण, उंच खांबांवर दिवे, आणि आत ओळीने आर.व्ही. मी मोजायला लागले, एका रांगेत तीस, अशा दहा-अकरा रांगा. पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, सगळ्या सोयींनी सज्ज अशी तीनशेच्या वर बिऱ्हाडं, आणि आत एकही माणूस नाही. गेटवर पाटी होती, गाडीत रात्रीचा मुक्काम करण्यास सक्त मनाई. काकांनी कोड दाबला, गेट सरकलं. त्यांनी गाडी आपल्या नंबरच्या पट्ट्यांमध्ये एका फटक्यात, अगदी सरळ लावली. उतरण्याआधी इंजिन बंद करून परत एकदा चालू करून बघितलं.

"बॅटरी ठीक आहे," ते म्हणाले. मग ऑफिसच्या खिडकीवर पुढच्या महिन्याचं भाडं भरून आले आणि पावती माझ्या हातात दिली. "अडीचशे डॉलर. चोवीस फुटांना. म्हणजे फुटाला दहाच्या वर पडले ना गं?"